शनिवारचे गवंडी

परवा ऑफिसात एक मेल फिरत होता. येत्या शनिवारी बस निघणार, पन्नास जणांनी एका गावात जाऊन गरिबांची घरं बांधायची, टीशर्ट आणि जेवण कंपनीतर्फे. शेजारच्या पोरानं लगेच नाव दिलं. मी दिलं नाही, तर म्हणतो कसा, "सर, तुम्हाला गरिबांबद्दल काहीच वाटत नाही?"

वाटतं रे बाबा. म्हणून तर नाही.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून झोपलेली किल्लारी परिसरातली हजारो माणसं स्वतःच्याच भिंतींखाली गेली. दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर माळवदाच्या मातीचं ओझं, आणि भिंतीचे आतले-बाहेरचे थर बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नाहीच. पुढे ५२ गावं नव्या जागी हलवली. १९९५ च्या मे महिन्यात आम्ही कॉलेजची पंधरा पोरं अशाच एका गावी महिनाभर 'श्रमदानाला' गेलो.

तिसऱ्या दिवशी निम्मे आडवे. हाताला फोड, उन्हानं उलट्या. मिस्त्रीला भिंतही चढवायची आणि आम्हालाही सांभाळायचं! आम्ही रचलेला थर तो संध्याकाळी निमूट काढून पुन्हा रचायचा. हे चालेल एक वेळ. पण ज्या कामाची मजुरी गावातल्या बाप्यांना मिळाली असती ते आम्ही फुकटात करत होतो, आणि ते समोर लिंबाखाली बसून आमच्याकडे बघत होते. आम्ही त्यांनाच आळशी म्हणायचो. लाज वाटते आता.

घरांचं माप जमिनीवर ठरलेलं: २५०, ४०० नाहीतर ७५० चौरस फूट. नगरातल्या कॉलनीसारख्या सरळ ओळी. एक आज्जी रोज यायची, चौथरा पावलांनी मोजायची. एकदा मला म्हणाली, "लेकरा, समदं चांगलंय, पर बैलं कुटं बांधू रं?" मी नकाशा बघितला. बैल नव्हते. कडबा नव्हता. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर युजरला न विचारता रिलीज.

उलट, जी गावं हलवली नाहीत तिथं पुष्कळ घरमालकांना पैसा-सामान हप्त्यानं दिलं आणि काम त्यांनी स्वतः उभं राहून करून घेतलं. गावोगावी बायका 'संवाद सहायक' नेमल्या. भिंतीत काँक्रीटचा पट्टा का घालायचा, आरपार दगड का, हे तिथल्या बाईला पाठ, कारण पैसे तिच्या हातातून जात होते.

आम्हीही एक कामाची गोष्ट केली, शेवटच्या आठवड्यात. साइटवरच्या इंजिनिअरनं वैतागून आमच्या हातातली घमेली काढून घेतली आणि सिमेंटची पोती मोजायला बसवलं. रजिस्टर आणि गोदाम जुळेना. चाळीस पोती कमी! फोटो मात्र घमेल्यांचेच निघाले. पुढे बायोडेटातही तेच गेलं आणि इंटरव्ह्यूत त्याचं कौतुकही झालं.

असो. त्या पोराला म्हटलं, बसचं भाडं, जेवण नि टीशर्टचे पैसे गावातल्याच गवंड्यांना मजुरी म्हणून द्या, आणि तुम्ही दोघं-तिघं जाऊन हिशोब तपासा, घरवालीला काय हवं ते विचारा. पोरगं गुणी, त्यानं खरंच एचआरला विचारलं.

उत्तर आलं की कल्पना छान आहे, पण त्यात टीम बिल्डिंग होत नाही.