तापातील साखर

“दोन दिवस अन्नाचा कण पोटात नाही, मग साखर वाढेलच कशी?” पावसाळ्यात साथीचे ताप सुरू झाले की हा प्रश्न दवाखान्यात वारंवार ऐकू येतो. प्रश्न तर्काला धरून आहे, म्हणूनच तो फसवा आहे. याच तर्काने घरातील कुणीतरी आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन परस्पर बंद केलेले असते. मोजून पाहावे, तर साखर तीनशेच्या पुढे!

रक्तातील साखर केवळ ताटातून येत नाही. यकृतात तिचा साठा असतो आणि गरज भासल्यास यकृत ती नव्याने तयारही करते. विषाणूशी झुंजताना शरीरात कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिन, ग्लुकागॉन ही संप्रेरके वाढतात. त्यांच्या प्रभावाने यकृत रक्तात साखर सोडू लागते. शिवाय कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनलिनमुळे इन्सुलिनचा परिणामही बोथट होतो. निरोगी स्वादुपिंड जास्त इन्सुलिन स्रवून तोल सांभाळते. मधुमेही व्यक्तीच्या स्वादुपिंडापाशी तेवढी शिल्लक नसते.

वाढलेली साखर लघवीवाटे बाहेर पडताना पाणीही ओढून नेते. त्यात उतारवयात तहानेची जाणीव मंद झालेली असते; पाणी मागितलेच जात नाही. मग रुग्ण झोपाळल्यासारखा होतो, असंबद्ध बोलू लागतो आणि घरचे ‘तापाची ग्लानी आहे’ म्हणून त्याला निजू देतात. अशा वेळी साखर सहाशेच्याही वर गेलेली असू शकते. वृद्धांच्या बाबतीत ही अवस्था प्राणावर बेतते. तापातील ग्लानी दिसताच साखर मोजावी, एवढे शुश्रूषा करणाऱ्यांनी मनाशी पक्के धरावे.

औषधांच्या बाबतीत सरसकट नियम चालत नाही. दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन आपल्या मनाने कधीही थांबवू नये. मात्रा कमी-अधिक करायची ती डॉक्टरांना विचारून. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवण्यास भाग पाडतात, त्यामुळे रुग्ण जेवत नसताना त्या घेतल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. उलट्या-जुलाबांनी शरीरातील पाणी घटले असेल, तर मेटफॉर्मिन तात्पुरती थांबवतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही अलीकडची औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. खाणेपिणे बंद असताना ती चालू राहिली, तर रक्तात कीटोन नावाची आम्ले साचू शकतात. तीही साखर फारशी वाढलेली नसताना. मळमळ, पोटदुखी आणि धाप ही त्याची लक्षणे तापाचीच समजली जातात, हा त्यातला खरा धोका. इतका तपशील ऐन तापात कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून प्रकृती ठीक असतानाच, तापात कोणते औषध चालू ठेवायचे आणि कोणते थांबवायचे, हे आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद औषधांच्या डब्यात ठेवावा.

आजारपणात दर चार ते सहा तासांनी साखर मोजावी. जेवण जात नसेल, तर पातळ पेज, ताक, वरणाचे पाणी थोडे थोडे देत राहावे. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. जुलाब होत असताना ‘त्यात साखर आहे’ म्हणून ओआरएस नाकारणारे पुष्कळ भेटतात. एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज असते 13.5 ग्रॅम, म्हणजे सुमारे तीन चमचे. तेवढ्याला भिऊ नये. साखर लागोपाठ दोनदा तीनशेच्या वर आली, सत्तरच्या खाली उतरली, पाणीही पोटात ठरेना, धाप लागली किंवा भान हरपू लागले, तर सकाळची वाट पाहू नये. साखर उतरली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर आधी साखरपाणी पाजावे.

खोकल्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या जात असतील, तर मधुमेह असल्याचे आवर्जून सांगावे. 2021 च्या कोविड लाटेत म्युकरमायकोसिसने कित्येकांचे डोळे आणि जबडे गेले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर ही त्यामागची ठळक कारणे होती.

‘तापाने साखर लागली’ असेही म्हटले जाते. काही विषाणूंचा मधुमेहाशी खरोखर संबंध आहे. गर्भावस्थेत रुबेलाची लागण झालेल्या मुलांना पुढे मधुमेह होण्याचा धोका वाढतो. परंतु साठीनंतर तापात प्रथमच साखर सापडते, तेव्हा ती बहुधा आधीपासून दडून बसलेली असते. एचबीए1सी ही चाचणी मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते. ती 6.5 टक्के किंवा अधिक आली, तर मधुमेह जुनाच समजावा. त्याहून कमी आली, तरी ताप उतरल्यावर काही आठवड्यांनी उपाशीपोटी साखर पुन्हा तपासून घ्यावी. ‘तापापुरती होती, गेली’ असे म्हणून बहुतेक जण नेमकी हीच तपासणी टाळतात.