माळ पडीक नाही!



पुणे-नगर रस्त्याने रांजणगाव ओलांडले की कारेगाव लागते. रस्त्यावरून कारखान्यांच्या भिंती दिसतात. शिरूर-दौंडकडे अजून जो मुरमाड माळ उरला आहे, त्याला सरकारी भाषेत एकच नाव : पडीक. पडीक म्हटले की दोनच वाटा. कारखान्याला द्या, नाहीतर खड्डे घेऊन रोपे लावा. तिथे मेंढरे चरतात, गावची गुरे पोसतात, याची नोंद कुणी घेत नाही.

कृषी पदवी घेताना आम्हीही हेच शिकलो. माळावर झाडी नाही, म्हणजे पूर्वी जंगल असणार. ते कुऱ्हाडीने आणि मेंढरांनी खाल्ले. गावोगाव हेच सांगत आम्ही फिरलो. ते चूक होते, हे आज तुमच्यापुढे कबूल करतो.

आमचे डोळे उघडले ते आशिष नेर्लेकर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या कामाने. भारतीय द्वीपकल्पाच्या माळरानांवर उगवणाऱ्या आणि जगात दुसरीकडे कुठेही नसणाऱ्या २०६ वनस्पतींची यादी त्यांनी व सहकाऱ्यांनी २०२२ साली मांडली. त्यांतल्या ४३ टक्के गेल्या दोन दशकांतच शास्त्राला कळल्या. ज्याला ओसाड म्हणतात, तिथली मोजदादच अजून पुरी झालेली नाही!

मग २०२५ साली नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी वेगळाच पुरावा काढला. पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या मराठी रचना, संतचरित्रे, धनगरांच्या ओव्या आणि कथा तपासल्या. काही साडेसातशे वर्षांपूर्वीच्या. त्यांत ४४ रानवनस्पतींची नावे सापडली. २७ माळरानावरच्या, १४ कुठेही उगवणाऱ्या, आणि दाट जंगलातल्या फक्त ३. म्हणजे हिवर, बाभूळ, तरटी आणि मधे गवत हेच या मुलखाचे जुने रूप. इंग्रज येण्याच्या कितीतरी आधीचे. माळ म्हणजे मेलेले जंगल नव्हे. कमी पाऊस, उथळ मुरूम, वणवा आणि चरणारी जनावरे यांनी घडवलेले ते वेगळे रान आहे.

ज्वारी पिकवणाऱ्याला हे परके वाटू नये. ज्वारी हेही गवतच, आफ्रिकेच्या माळरानातून आलेले. मारवेल, पवन्या, कुसळी ही तिची भावकी. दुष्काळात कडबा संपतो तेव्हा जनावर जगते ते याच भावकीवर. जनावर जगले तर शेणखत, आणि शेणखत असेल तरच कोरडवाहू कपाशीच्या रानात ओल टिकते. गायरान गेले की हा सगळा हिशेब आपल्या खिशातून भरावा लागतो.

२०१९ साली राज्यात ३३ कोटी रोपांची मोहीम झाली. रोपे लावायला आमचा विरोध नाही. बांधावर लावा, ओढ्याकाठी लावा, गावठाणात लावा. पण मोकळ्या माळावर दाट लागवड केली की सावलीत गवत मरते. जमिनीखाली मुळांनी धरून ठेवलेली माती आणि कर्ब कुणी मोजत नाही. रोपे मात्र मोजली जातात.

कुणी विचारेल, दुर्मिळ वनस्पती आहेत म्हटले की सरकार कुंपण घालून आम्हालाच हाकलणार नाही का? ही भीती खोटी नाही. घोडनदीच्या पलीकडचा श्रीगोंदा आठवा. १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झाले, सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचे. त्यात लोकांच्या सातबाऱ्याची शेतेही गेली आणि व्यवहार अडकले. हद्द कमी व्हायला २०१२ उजाडले. पुन्हा तसे नको. आणि तसे करायला शास्त्राचाही आधार नाही. ज्या माळाच्या ओव्या धनगरांनी गायल्या, तो त्यांच्या मेंढरांसकट टिकला आहे.

आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. गायरानाचे तुकडे आपल्यातल्याच धनदांडग्यांनी नांगरले. एकाच ठिकाणी जनावरे बसवून गवत मुळापासून आपणही संपवले. आधी आपल्या गावात हे थांबवायला हवे.

तेव्हा एक काम करू. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही दिली आहे. आपल्या पंचायतीची वही मागून बघा. माळाचे पान कोरे असेल तर पावसाळ्यात मेंढपाळ, म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे घेऊन माळावर जा. गवताची, झुडपांची, कंदांची नावे आपल्या बोलीत लिहा. कोण, कुठे, कधी चारतो तेही लिहा. मग ग्रामसभेत ठराव करा : हे गवताचे रान आहे, पडीक नाही, गावाला विचारल्याशिवाय इथे ना खड्डा, ना कुंपण, ना भिंत.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना त्या ठरावाची प्रत सोबत आणा. कोऱ्या वहीचा फायदा नेहमी दुसराच घेतो.