टाळ्या कोणाला, भाकरी कोणाला?

औंढा नागनाथाच्या देवळासमोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना शूद्र म्हणून मागे पिटाळले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा हिंगोली जिल्ह्यात पोराटोरांना ठाऊक आहे. तिचा अर्थ मात्र आपण देवळातच विसरून आलो.

२०१६ साली मुंबईत सहा तृतीयपंथी गायकांचा ‘सिक्स पॅक बँड’ गाऊ लागला. मागे ब्रुक बॉण्ड रेड लेबल या चहाचे नाव होते. कान येथील जाहिरात-महोत्सवात या मोहिमेला ग्लास विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. वाहवा झाली ती जाहिरातीची! तीच टाळी सिग्नलवर ऐकू आली की मोटारीची काच वर जाते.

‘हे आपल्या संस्कृतीत बसत नाही’ म्हणणाऱ्यांना एकच प्रश्न. बालगंधर्वांच्या शालूवर लुब्ध झालेला महाराष्ट्र कोणत्या संस्कृतीचा होता? बालगंधर्व तृतीयपंथी नव्हते. मुद्दा प्रेक्षकांचा आहे. तिकीट काढून पाहिलेले स्त्रीत्व कला, आणि कोणी ते जगू लागले की विकृती!

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली आपली लिंगओळख आपण ठरविण्याचा हक्क मान्य केला व आरक्षण देण्यास सांगितले. २०१९ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्याच्या दाखल्याची अट घातली. आरक्षणाबाबत मौन पाळले.

कार्यकर्त्यांनी आता सहानुभूतीचे ठराव पुरे करावेत. शिधापत्रिका, भाड्याची खोली व नोकरी यांसाठी तहसिलीवर मोर्चा नेताना ही माणसे आपल्या मागे नव्हे, बरोबरीने चालली पाहिजेत. देऊळ आपोआप फिरले म्हणतात. समाज तसा फिरत नाही. त्याला खांदाच लावावा लागतो.