गोळी केवढी असावी?

सन २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकांत मनू भाकर यांनीं हवेच्या दाबाच्या पिस्तुलानें दोन कांस्यपदकें मिळविलीं. त्यांतील एक सरबजोत सिंग यांच्या जोडीनें. त्या दिवसांत आमच्या नातवानें जेवतांना विचारलें, "आजोबा, पदक मिळवून देणारी गोळी साडेचार मिलिमीटरची आणि फौजदारसाहेबांची नऊची. मग मोठी ती चांगली, कीं लहान ती?" सूनबाईंनीं "आधीं पानांतलें संपव" म्हणून त्याला गप्प केलें, पण प्रश्न सोडून देण्याजोगा नव्हता.

'कॅलिबर' म्हणजे स्थूलमानानें गोळीचा, अथवा ती ज्या नळींतून जाते तिचा, व्यास. तो कोठें इंचाच्या शतांशांत, तर कोठें मिलिमीटरांत सांगतात. नांवावर मात्र फारसें विसंबूं नये. 'अडतीस'ची म्हणविणारी गोळी प्रत्यक्षांत इंचाच्या छत्तीस शतांशांहूनहि किंचित् कमी भरते!

खेळांत गोळीला एकच काम असतें, तें म्हणजे ठरल्या जागीं पोंचणें. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेंत २५ मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक जिंकलें, तें 'बावीस'च्या काडतुसानें. त्याची गोळी वजनानें अडीच ग्रॅमांच्या आसपास. या स्पर्धेच्या जलद भागांत निशाण तीन सेकंद खुलें असतें व सात सेकंद बंद. दर वेळीं हात खालीं आणून पुन्हां उचलावयाचा आणि एकच गोळी झाडावयाची. अशा वेळीं मनगटाला हिसका देणारें काडतूस कोण घेईल? गोळीचें लहानपण हें येथें दुबळेपण नसून सोय आहे.

पोलिसांची गोष्ट निराळी. कागदी निशाण उलट गोळी झाडीत नाहीं, दरोडेखोर झाडतो. ता. ११ एप्रिल १९८६ रोजीं अमेरिकेंत मायामी येथें एफ्. बी. आय्. या मध्यवर्ती पोलिसखात्याच्या आठ अंमलदारांची दोन दरोडेखोरांशीं गांठ पडली. दोन अंमलदार मारले गेले, पांच जखमी झाले. आरंभींच एका दरोडेखोराच्या दंडांतून नऊ मिलिमीटरची गोळी छातींत शिरली, पण हृदयाच्या अलीकडेच थांबली. आणि तो मनुष्य तशाच स्थितींत लढत राहिला. ठपका गोळीवर आला. खात्यानें दहा मिलिमीटरचें दांडगें काडतूस घेतलें. त्याचा धक्का पुष्कळांना आवरेना, म्हणून तें सौम्य करविलें. आणि त्यांतूनच १९९० सालीं 'चाळीस'चें काडतूस जन्मास आलें. पुढें अमेरिकेंतील कित्येक पोलिसखात्यांनीं तेंच उचललें.

परंतु २०१४ सालीं त्याच खात्याच्या शिक्षणविभागानें आपला निर्णय फिरविला. नव्या घडणीच्या गोळ्यांत नऊ, चाळीस व पंचेचाळीस यांनीं होणाऱ्या जखमांत म्हणण्याजोगा फरक उरला नाहीं, असें त्यांना आढळलें. गणितहि याला फारसें विरुद्ध नाहीं: 'पंचेचाळीस'ची पंधरा ग्रॅमांची गोळी सावकाश जाते, नऊची आठ ग्रॅमांची वेगानें, दोहोंची ऊर्जा जवळ जवळ सारखीच. आणि त्याच टिपणांत एक कबुली आहे, ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रत्यक्ष चकमकींत पोलिसांच्या शंभर गोळ्यांपैकीं वीस-तीसच लागतात. बाकीच्या सत्तर-ऐशीं कोठें जात असतील? रस्ता आहे, दुकानें आहेत, खिडकींत मुलें आहेत. नऊच्या पिस्तुलानें बहुतेक अंमलदारांचा नेम अधिक लवकर व अधिक अचूक बसतो, शिवाय त्यांत काडतुसेंहि जास्त मावतात. म्हणून खातें परत नऊकडे वळलें. मृत सहकाऱ्यांच्या आठवणीनें मोठी गोळी मागणाऱ्यांना दोष देण्यास मात्र आमचें मन धजत नाहीं.

आपल्याकडे नऊ मिलिमीटरचें पिस्तूल पोलिस व सैन्य यांचें. सामान्य नागरिकास तें निषिद्ध आहे, आणि परवाना मिळालाच तर बहुधा 'बत्तीस'च्या रिव्हॉल्व्हरावर भागवावें लागतें. नातवाला एवढें सांगितलें, तेव्हां त्यानें आपला मोर्चा हवेच्या पिस्तुलाकडे वळविला. तें घ्यावयाचें कीं नाहीं, हा निर्णय अद्याप सूनबाईंकडे आहे.