कोपरारक्षकाची किंमत

प्रो कबड्डीच्या बाराव्या मोसमाच्या अंतिम सामन्यात, ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी, दबंग दिल्लीने पुणेरी पलटणला ३१-२८ असे हरवले. आमलीतल्या मराठी घरांना ही हार लागणारच. पलटणचे कुठे चुकले यावर बरीच चर्चा झाली. आम्हाला मात्र दिल्लीच्या संघातल्या एका कोपरारक्षकाविषयी बोलायचे आहे.

इराणचा फजल अत्राचली आपल्याला परका नाही. २०१५ मध्ये यू मुंबाने विजेतेपद मिळवले तेव्हा तो त्या संघात होता. पुढे त्याने यू मुंबाचे आणि पुणेरी पलटणचेही नेतृत्व केले. त्याच्यावर लागलेल्या बोली पाहा : २०१८ मध्ये यू मुंबाकडून १ कोटी, २०२३ मध्ये गुजरातकडून १ कोटी ६० लाख आणि २०२४ मध्ये बंगालकडून ५० लाख. म्हणजे एका वर्षात भाव तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आला. पुढच्याच वर्षी तो विजेत्या संघात होता. २०२३ च्याच लिलावात चढाईपटू पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजार मिळाले होते.

वय हे एक कारण आहेच. पण दुसरे कारण गुणांच्या हिशेबात आहे. चढाईपटू एकाच चढाईत दोन-तीन गडी टिपू शकतो. पकडीला मात्र एकच गुण मिळतो, आणि मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी असतील तर दोन. दहाव्या मोसमात आशू मलिकने चढाईचे २७६ गुण मिळवले, तर पकडीत अव्वल ठरलेल्या मोहम्मदरेझा शादलूईचे गुण होते ९९.

या आकड्यांत रिकामी चढाई कुठेच दिसत नाही. कोपरारक्षक घोट्यावर झेप घेईल या धाकाने चढाईपटू तीस सेकंद लांबूनच खेळतो आणि हात हलवत परततो. असे लागोपाठ दोनदा झाले की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर तो बाद. ही कोंडी कोपऱ्याने केलेली असते. गुण मात्र शेवटी पकड करणाऱ्याच्या नावावर जातो.

बर्फावरच्या हॉकीत बचावपटूसाठी वेगळा हिशेब ठेवतात. तो खेळत असताना आपल्या संघाने किती गोल केले आणि किती खाल्ले, यांची वजाबाकी त्याच्या नावापुढे लिहितात. ही पद्धत निर्दोष नाही, कारण कच्च्या गोलरक्षकाचे पाप त्याच्या माथी येते. तरीही बचाव मोजण्याचा प्रयत्न तरी होतो.

बचावाची ताकद भारताने २०१८ मध्ये जकार्तात अनुभवली. १९९० पासून सलग सात सुवर्णपदके जिंकलेला आपला पुरुष संघ आशियाई स्पर्धेच्या उपांत्य फेरीत इराणकडून १८-२७ असा हरला. त्या संघात कल्याणचा डावा कोपरारक्षक गिरीश इर्नाकही होता. त्याच वर्षी त्याने पुणेरी पलटणचे नेतृत्व केले. आपल्या मातीतून असे कोपरे तयार होतात, पण पोस्टरवर चढाईपटूच झळकतात.

आपल्या केंद्रशासित प्रदेशातही खेळाचे वारे आहे. मे २०२५ मध्ये दीवच्या घोघला किनाऱ्यावर पहिल्या खेलो इंडिया बीच गेम्स झाल्या, आणि त्यात बीच कबड्डी होती. मुलांना मैदानावर धाडणाऱ्या पालकांना आमचे सांगणे एवढेच : मुलगा किंवा मुलगी कोपऱ्यात रमत असेल तर चढाईचा आग्रह धरू नका. मात्र लिलावाच्या भरवशावरही राहू नका. गुडघा एकदा दुखावला की भाव घसरायला वेळ लागत नाही. शिक्षण चालू ठेवावे, रेल्वे-पोलिसांतल्या खेळाडूंच्या भरतीकडे लक्ष ठेवावे.

आणि आपल्या गल्लीतल्या सामन्यांत गुणलेखकाने वहीत एक रकाना वाढवावा : कोणत्या कोपऱ्याने किती चढाया रिकाम्या परतवल्या. बक्षीस देताना तोही वाचून दाखवावा.