हवेचे हजेरीपत्रक

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. विज्ञान माझा विषय नाही. विज्ञानाचे सर रजेवर होते म्हणून त्यांच्या तासाला गेलो, तर एका मुलीने विचारले, "सर, हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, कार्बन डायऑक्साइड तर नावालाच. मग ओरड त्याच्याच नावाने का?"

तिला उद्या सांगतो म्हणालो आणि घरी येऊन वाचत बसलो.

नायट्रोजन वायू उष्णता अडवत नाही. पण तोच युरिया होऊन शेतात पडला की जमिनीतले जिवाणू त्याच्या थोड्या भागाचा नायट्रस ऑक्साइड करतात. शंभर वर्षांच्या हिशेबात तो, किलोला किलो, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापवतो. किती युरिया टाकला हे पोती मोजून कळते. त्यातले किती हवेत गेले हे मात्र बहुतेक वेळा सूत्राने ठरवतात : टाकलेल्या नायट्रोजनच्या साधारण 1 टक्का. 

उर्दूत याला 'अंदाज़ा' म्हणतात आणि मोजणीला 'पैमाइश'. अंदाज़ा वाईट नाही, पण तो पैमाइशीवर घासून पाहावा लागतो.

पैमाइश म्हणजे काय, ते चार्ल्स कीलिंग यांनी दाखवले. 1958 मध्ये हवाई बेटांतल्या मौना लोआवर त्यांनी मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत सुमारे 315 भाग कार्बन डायऑक्साइड होता. आज तो 420 च्या वर आहे. तिथेही 1964 मध्ये पैशाअभावी काही महिने मोजणी थांबली. ती फट आजही तशीच आहे.

आपल्याकडे गोव्यात काब द राम येथे 1993 पासून हवेचे नमुने घेतले जाऊ लागले. जागा विचारपूर्वक निवडलेली. पावसाळ्यात वारा अरबी समुद्रावरून येतो, हिवाळ्यात जमिनीवरून. दोन्ही हवांतला फरक आणि वाऱ्याचा मार्ग संगणकाच्या प्रारूपात घालून उलटा हिशेब मांडता येतो : या जमिनीने किती सोडले, किती शोषले. पण 2002 नंतर तिथे काही वर्षांचा खंड पडला. सिंहगडावर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने 2009 मध्ये नमुने घेणे सुरू केले.

आम्ही शिक्षक जाणतो, हजेरी वर्षाअखेरीस आठवून भरता येत नाही. भरली तर ती खोटी असते. कालची हवाही आज मोजता येत नाही. नव्या केंद्राचे उद्घाटन होते, फोटो छापून येतात. दर आठवड्याला बाटली भरून आणणाऱ्याच्या पगाराचे काय, हे कोणी विचारत नाही. गरीब देशाला ही चैन कशाला, असेही म्हणतात. मला उलटे वाटते. पक्का हिशेब नसला की दोष दुबळ्याच्या माथी जातो. उद्या खताच्या अनुदानाला कात्री लावायची ठरली, तर शेतकऱ्यापुढे निदान मोजलेला आकडा ठेवा, सूत्र नको.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला म्हणालो, "किती आहे एवढेच विचारू नकोस. काय करतो आणि किती वाढला, तेही विचार." तिने लगेच विचारले, "सर, आपल्या गावात कोण मोजतं?"

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.