घरात आणि घरी

इंग्रजीत ‘हाऊस’ आणि ‘होम’ असे दोन शब्द आहेत आणि मराठीकडे दोहोंसाठी मिळून एकटे ‘घर’, ही अनुवादकांची जुनी तक्रार आहे. वर्ध्याला ती विशेष लागू पडते. जानेवारी 1978 मध्ये सेवाग्राम आश्रमात विचारवंत इव्हान इलिच यांनी केलेल्या भाषणाचा बराचसा भार या दोन शब्दांवरच आहे. बापू कुटीत बसून राहिल्यावर त्यांना जाणवले की, हिला झोपडी म्हणणे चूक आहे; हे ‘होम’ आहे. ‘हाऊस’ ही सामानसुमान ठेवण्याची जागा. तिथे माणसापेक्षा फर्निचरच्या सोयीचा विचार अधिक. हे मराठीत सांगू गेल्यास ‘घर नव्हे, घर’ असे हास्यास्पद वाक्य तयार होते.

तक्रार खरी वाटते. पण ती शब्दकोशापुरतीच. मराठीने हा भेद नामात न ठेवता विभक्तीत ठेवला आहे. चोर घरात शिरतो, पाहुणा घरी येतो. कपाट घरात असते. ते ‘घरी आहे’ म्हटले, तर अर्थ लगेच बदलतो. सप्तमीचे ‘त’ आणि ‘ई’ हे दोन्ही प्रत्यय आपण शाळेत एका दमात पाठ केलेले असतात. पण ‘त’ जागा दाखवतो, ‘ई’ नाते. ‘गावात जातो’ आणि ‘गावी जातो’ यांतले अंतर सांगायला कोणाला व्याकरण लागत नाही. हा ‘ई’ आज मोजक्याच शब्दांना लागतो: माहेरी, सासरी, आजोळी, दारी. ‘फ्लॅटी’ असे कोणी म्हणत नाही. बाहेरगावाहून शिकायला आलेली आमची मुले पाच दिवस ‘रूमवर’ राहतात आणि शनिवारी ‘घरी’ जातात.

इंग्रजीनेही हा भेद फारसा सांभाळला आहे, असे दिसत नाही. बांधकाम व्यावसायिक भिंती विकतो आणि पाटीवर ‘होम्स’ लिहितो. बँकेचे कर्जही ‘होम लोन’च. आणि म्हातारपणी घर सुटले की जिथे जावे लागते, त्यालाही ‘होम’ म्हणावे, हा तर त्या शब्दाचा उपहासच होय. असो.

इलिच यांच्या मांडणीवर मात्र एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. कुटीची निगा राखायला आश्रम आहे. खेड्यातल्या मातीच्या घराला दरवर्षी लिंपण लागते, पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरावे लागतात, आणि सारवणाचे काम बहुधा बायकांच्याच वाट्याला येते. स्लॅबचे घर मागणारी बाई फर्निचरची गुलाम झालेली नसते. तिला एवढ्या कष्टांतून सुटका हवी असते. 2016 पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत किमान 25 चौरस मीटरचे घर मिळते. लोक त्याला ‘घरकुल’ म्हणतात. आमच्या भागात अशा पक्क्या खोलीत भाववाढीची वाट पाहणारा कापूस रचलेला आणि माणसे शेजारच्या जुन्या कुडाच्या घरात, असेही दिसते. मे महिन्यात स्लॅब इतका तापतो की दुपार कवेलूखालीच काढावी लागते. पहिला पाऊस गळू लागला की कापसाला बाजूला सारून तीच माणसे स्लॅबखाली येतात.